भीती खोटी, उंचीची पट्टी खरी



मुंबईहून अमेरिकेला निघालेले विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जात असते. आतले प्रवासी मात्र अगदी निवांत असतात. कोणी चहा पितो, कोणी डुलकी काढतो, तर लहान मुले खिडकीजवळच्या जागेसाठी भांडत असतात. पेल्यातला चहा हिंदकळतसुद्धा नाही. हेच प्रवासी दोन-तीन दिवसांनी कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये एका छोट्या गाडीत बसतात. तिचा वेग आपल्या महामार्गावरून धावणाऱ्या एस. टी. बसपेक्षा जास्त नसतो. तरीही सारे जण जिवाच्या आकांताने ओरडतात, डोळे मिटून घेतात आणि समोरचा दांडा घट्ट धरून ठेवतात. ९०० च्या वेगात झोप लागते आणि ५०-६० च्या वेगात बोबडी वळते, हे कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधत आज आपण या उद्यानात एक फेरफटका मारू या. हल्ली अनेक मराठी कुटुंबे परदेशातील काका-मामांकडे जातात, तेव्हा मुलांसाठी एक दिवस अशा उद्यानाकरिता राखून ठेवतात. तुम्हाला जाण्याचा योग आला, तर ही माहिती उपयोगी पडेलच. योग आला नाही, तरी बिघडत नाही. कारण तेथे चालणारे विज्ञानाचे नियम आपल्या गावच्या जत्रेतही तेच असतात!

बाकावर सुचलेली कल्पना

वॉल्ट डिस्ने हे व्यंगपटांचे प्रसिद्ध निर्माते. ते आपल्या दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जात. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसत आणि वडील बाकावर बसून राहत. मुलांना मजा आणि मोठ्यांना नुसतेच बसून राहणे, हे त्यांना पटेना. आईवडील आणि मुले यांना मिळून आनंद घेता येईल अशी जागा का असू नये, असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. पुढे लॉस एंजेलिसच्या आग्नेयेस, अ‍ॅनाहाइम येथे संत्र्यांच्या बागांची जमीन घेऊन त्यांनी डिस्नेलँड उभारले. १७ जुलै १९५५ रोजी ते सुरू झाले. येथे नुसते पाळणे आणि चक्रे नाहीत. उद्यानाच्या प्रत्येक भागाला एखादी कल्पना दिलेली आहे. कोठे परीकथेतील राज्य, कोठे घनदाट जंगल, तर कोठे भविष्यकाळातील जग. म्हणूनच अशा उद्यानाला ‘थीम पार्क’ म्हणतात.

डोळ्यांची फसगत

आत शिरताच दूरवर एक भव्य किल्ला दिसतो. त्याची खरी उंची किती असेल? अवघी ७७ फूट, म्हणजे सुमारे २३.५ मीटर. आपल्या शहरांतील सात-आठ मजली इमारत साधारण एवढीच असते. मग तो इतका उंच का भासतो? रचनाकारांनी एक युक्ती केली आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी विटा मोठ्या आहेत आणि वर जावे तसतशा त्या लहान होत जातात. सर्व विटा एकाच मापाच्या असणार, हे आपला मेंदू गृहीत धरतो. वरच्या विटा लहान दिसतात, त्या अर्थी त्या खूप दूर असल्या पाहिजेत, असा निष्कर्ष तो काढतो आणि किल्ला उंच होऊन बसतो!

जवळच मॅटरहॉर्न नावाचा बर्फाच्छादित डोंगर आहे. खरा मॅटरहॉर्न स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर असून त्याची उंची ४,४७८ मीटर आहे. येथला डोंगर त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढा, म्हणजे सुमारे ४५ मीटर उंच आहे.

आता भुतांच्या वाड्यात डोकावू या. हा वाडा १९६९ मध्ये सुरू झाला. आत एका दिवाणखान्यात पारदर्शक भुते नाचताना दिसतात. त्यांच्या आरपार मागच्या खुर्च्या आणि टेबलेही दिसतात. ही जादू नाही, प्रकाशाचे परावर्तन आहे. प्रेक्षक आणि दिवाणखाना यांच्यामध्ये प्रचंड काचा उभ्या केलेल्या आहेत. खऱ्या बाहुल्या प्रेक्षकांच्या नजरेआड ठेवून त्यांच्यावर प्रकाश टाकला जातो. त्यांची प्रतिमा काचेत उमटते आणि काचेपलीकडचे सामानही त्याच वेळी दिसत राहते. ही युक्ती लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ साली रंगभूमीवर दाखवली होती. रात्री खोलीत दिवा लावून खिडकीच्या बंद काचेतून बाहेरच्या अंधारात पाहा. अंगणात तुम्हीच उभे असलेले दिसाल!

शरीराची फसगत

डोळ्यांचे झाले. आता शरीराकडे वळू. रोलर कोस्टरच्या गाडीला बहुधा स्वतःचे इंजिन नसते. एक साखळी तिला चढावर ओढून नेते. तेथे गाडीजवळ स्थितिज ऊर्जेचा साठा होतो. उतारावरून सुटली, की त्या ऊर्जेचे रूपांतर गतिज ऊर्जेत होऊ लागते. साडेअकरा मीटर उंचीवरून उतरताना, घर्षण नाही असे धरले, तर गाडीला सेकंदाला १५ मीटर म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेग येतो. गणित करून पाहा.

समजा, या वेगाने गाडी २० मीटर त्रिज्येच्या खोलगट वळणाच्या तळाशी आली. वर्तुळाकार मार्गाने जाणाऱ्या वस्तूचे केंद्राकडील त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. २२५ भागिले २० म्हणजे ११.२५. त्यात गुरुत्वाकर्षणाचे ९.८ मिळवा. बेरीज सुमारे २१ झाली, म्हणजे नेहमीच्या दुपटीहून थोडी जास्त. तुमचे वजन ४० किलो असेल, तर त्या क्षणी बैठक तुम्हाला असे रेटते, की जणू तुमचे वजन ८६ किलो झाले आहे. गाल खाली ओढले जातात, मान जड होते.

पुढच्या क्षणी गाडी एका उंचवट्यावर येते. तेथे वेग सेकंदाला १० मीटर आणि उंचवट्याची त्रिज्या १० मीटर आहे असे समजा. आता खाली वळण्यासाठी १० इतके त्वरण हवे. पण गुरुत्वाकर्षण देते ९.८. गाडी रुळांना धरून खाली वळते. परंतु जडत्वामुळे तुमचे शरीर सरळ पुढे जाऊ पाहते. पोटात गोळा येतो तो येथेच! तुम्ही बैठकीपासून उचलले जाऊ लागता आणि मांड्यांवरचा दांडा तुम्हाला खाली धरून ठेवतो. हा दांडा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

कानात बसलेला पहारेकरी

आता पहिल्या कोड्याचे उत्तर देता येईल. आपल्या अंतर्कर्णात तोल सांभाळणारे इंद्रिय असते. त्यातील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांना डोके फिरल्याचे कळते. शेजारच्या दोन सूक्ष्म पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. शरीर कोणत्या बाजूला ढकलले किंवा कलले गेले, हे त्यांच्या सरकण्यातून समजते. पण या पहारेकऱ्याला वेग कळत नाही, कळतो तो फक्त वेगातील बदल. सरळ जाणाऱ्या विमानाचा वेग बदलत नाही, म्हणून पहारेकरी गप्प असतो. रोलर कोस्टर क्षणाक्षणाला वेग आणि दिशा बदलते, म्हणून तो सारखी आरोळी ठोकत राहतो. ‘स्पेस माउंटन’ या १९७७ साली सुरू झालेल्या गाडीत तर सारा प्रवास अंधारातून होतो. पुढचे वळण दिसत नसल्याने शरीर आधी सावरून बसू शकत नाही आणि बेताचा वेगही भयंकर वाटतो.

याहून गमतीची आहे १९८७ मधील ‘स्टार टूर्स’. येथे प्रवाशांची बंद खोली यंत्राच्या पायांवर उभी असते आणि समोरच्या पडद्यावर अवकाशप्रवास दिसतो. यान वेगाने सुटल्याचे चित्र दिसते, त्याच क्षणी खोली मागे कलते. समजा, ती २० अंशांनी कलली. आता तुमच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग पाठीमागे दाबू लागतो. पडदाही खोलीबरोबरच कललेला असल्याने कल डोळ्यांना समजत नाही. मेंदूला वाटते, आपण जोराने पुढे निघालो! प्रत्यक्षात खोली जागच्या जागीच असते. काही जणांना येथे मळमळते, कारण डोळे आणि कान यांच्या बातम्या पूर्णपणे जुळत नाहीत.

दारावरची पट्टी

येथवर आपण पाहिले, की या उद्यानातील भीती मुद्दाम तयार केलेली असते. सुरक्षितता मात्र खरीखुरी ठेवावी लागते. मॅटरहॉर्नची गाडी १९५९ साली सुरू झाली, तेव्हा तिच्यात पोलादी नळ्यांचे रूळ वापरले गेले आणि मार्गाचे स्वतंत्र टप्पे पाडण्यात आले. पुढची गाडी टप्पा सोडत नाही, तोवर मागच्या गाडीला त्या टप्प्यात सोडत नाहीत. आपल्या रेल्वेच्या सिग्नलांचे तत्त्व हेच आहे. आजच्या अनेक रोलर कोस्टरना रुळाच्या वर, बाजूला आणि खालीही चाके असतात. त्यामुळे उंचवट्यावर गाडी रूळ सोडू शकत नाही.

परंतु सुरक्षिततेचे सर्वांत साधे साधन दारावरच उभे असते, ते म्हणजे उंची मोजण्याची पट्टी. स्पेस माउंटन आणि स्टार टूर्स यांसाठी १०२ सेंटिमीटर, मॅटरहॉर्नसाठी १०७, तर ‘इंडियाना जोन्स’ या उड्या मारत जाणाऱ्या गाडीसाठी ११७ सेंटिमीटर उंची लागते. आणि येथेच दिवसातील सर्वांत मोठे रडे होते! तासभर रांगेत उभे राहिल्यावर तुमच्या धाकट्या बहिणीला दोन सेंटिमीटरसाठी परत पाठवतात. मग कोणी मुलाला टाचा उंचावायला सांगतो, कोणी बुटात कागदाच्या घड्या घालतो. ‘एवढ्याशाने काय होते?’ असे मोठी माणसेही म्हणतात.

काय होते, ते आता तुम्हीच सांगू शकाल. उंचवट्यावर शरीराला धरून ठेवतो तो मांड्यांवरचा दांडा. तो ठराविक बांध्याच्या शरीरासाठी केलेला असतो. मूल फार लहान असेल, तर दांडा आणि मांड्या यांच्यात पोकळी राहते. शेजारी थोराड माणूस बसला आणि दांडा दोघांना मिळून एकच असला, तर तो मोठ्या माणसाच्या मांड्यांवर अडतो आणि मुलासाठी मोकळाच राहतो. लहान मुलाचे पाय तळाला टेकत नाहीत, त्यामुळे त्याला रेटा देऊन सावरता येत नाही. शिवाय शरीराच्या मानाने त्याचे डोके मोठे असते. नवजात बालकाचे डोके उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढे असते; प्रौढ माणसाचे सुमारे साडेसातव्या किंवा आठव्या हिश्शाएवढे. मोठे डोके आणि कोवळी मान असताना शरीराचा भार दुप्पट झाला, तर ताण कोठे पडेल? म्हणून वयाचा दाखला न मागता उंची मोजतात. दांड्याला वय कळत नाही, माप कळते. बुटातला कागद उंची वाढवतो, मांडी नव्हे!

तेव्हा घरातल्या थोरल्या भावंडांनी एक काम अंगावर घ्यावे. निघण्यापूर्वी भिंतीशी उभे करून, पायांत काही न घालता धाकट्यांची उंची मोजा. त्यांना बसता येईल अशा फेऱ्यांची यादी त्यांच्यासमोरच करा. भुतांच्या वाड्याला आणि किल्ल्यामागच्या उडत्या हत्तींना उंचीची अट नाही, हेही सांगा. नकार रांगेच्या टोकाला मिळण्यापेक्षा घरी मिळालेला बरा. ज्या फेरीत लहानग्याला प्रवेश नाही, तेथे एका मोठ्या माणसाने त्याच्याजवळ थांबायचे आणि मग अदलाबदल करायची, अशी सोय उद्यानात असते. दुसऱ्याला पूर्ण रांगेत पुन्हा उभे राहावे लागत नाही. मात्र फेरीच्या दारावरील कर्मचाऱ्याला आधी सांगावे लागते. आणखी एक, कॅलिफोर्निया आपल्या मागे उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास असते. तेथे भर दुपार असताना मुलांच्या शरीराच्या घड्याळात मध्यरात्र झालेली असते. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी उद्यान गाठले, तर मुले रडतील ती झोपेने.

शिक्षकांसाठी

वर्गात हे दोन प्रयोग जरूर करावेत. पहिला : टेबलावर स्वच्छ काच उभी धरा. तिच्यासमोर २० सेंटिमीटरवर पेटती मेणबत्ती ठेवा आणि काचेमागे तितक्याच अंतरावर पाण्याने भरलेला काचेचा पेला ठेवा. खोलीत अंधार करून मेणबत्तीच्या बाजूने पाहिले, की ज्योत पाण्यात जळताना दिसते. मेणबत्ती शिक्षकांनीच हाताळावी आणि ती प्रेक्षकांच्या नजरेआड राहील असा पुठ्ठा लावावा. दुसरा : छोट्या बादलीत थोडे पाणी घेऊन ती मैदानावर उभ्या वर्तुळात झपाट्याने फिरवा. बादली डोक्यावर उलटी आली, तरी पाणी सांडत नाही. हाताची आणि बादलीची मिळून लांबी एक मीटर असेल, तर सर्वांत वरच्या ठिकाणी निदान किती वेग हवा, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगा. उत्तर सेकंदाला सुमारे ३.१ मीटर येईल.

पुढच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसाल, तेव्हा पोटात गोळा नेमका कोठे येतो याची नोंद ठेवा. आणि बसण्यापूर्वी आपल्या बैठकीचा दांडा नीट लागला आहे ना, हे स्वतः ओढून पाहा. कोणी हसले तरी चालेल.