धाकटी की थोरली?

चोपड्यात मे महिन्याच्या दुपारी कोणी कोणाकडे जात नाही. उत्तरेला सातपुडा तापून भुरका पडलेला असतो, दक्षिणेला तापी आक्रसलेली असते, आणि मधल्या पट्ट्यातली माणसे केळीला पाणी पुरवता पुरवता जेरीस आलेली असतात. अशा दिवसांत, 2024 सालच्या मे महिन्यात, भर दीड वाजता माझा भाचा दारात उभा राहिला, तेव्हा काहीतरी निकडीचे आहे एवढे मी ओळखले. तांब्याभर पाणी संपवून तो म्हणाला, "मामा, आता तुम्हीच आईला सांगा."

प्रकरण मोटारसायकलचे होते. भाच्याला जळगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली होती. जाऊन-येऊन रोज शंभर किलोमीटरच्या वर मजल. एस.टी.चे आणि त्याच्या पाळीचे काही केल्या जुळत नव्हते. त्याने दोन गाड्या हेरून ठेवल्या होत्या. दोन्ही बजाजच्या, दोन्ही पल्सर. एक एनएस 200, आणि दुसरी त्याच महिन्यात बाजारात आलेली एनएस 400 झेड. मन अर्थातच दुसरीवर बसले होते. माझ्या बहिणीचे म्हणणे असे, की मुळात मोटारसायकलच नको. आणि घ्यायचीच तर सर्वांत लहान घ्या.

संध्याकाळी मी बहिणीकडे गेलो. पहिला प्रश्न माझ्याच विषयातला निघाला.

"दादा, ते एनएस म्हणजे काय रे?"

"नेकेड स्पोर्ट," भाचा उत्साहाने म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

मराठी शिकवण्यात वीस वर्षे गेली, पण या शब्दाने मला पेचात टाकले. शब्दशः अर्थ बहिणीपुढे उच्चारण्याजोगा नव्हता. 'बोडकी' म्हणावे, तर सणासुदीला घरात आणायच्या वस्तूला ते अशुभ. शेवटी 'उघडी' या शब्दावर मी निभावून नेले. शर्यतीच्या गाड्यांना पुढून आणि बाजूंनी प्लास्टिकचा अंगरखा असतो, तसा या गाड्यांना नसतो. इंजिन, नळ्या, सांगाडा सारे डोळ्यांसमोर. आमच्या खानदेशासारख्या मुलखात ही तऱ्हा सोयीची. इंजिनाला वारा लागतो, मिस्त्रीचा हात कुठेही पोचतो, गाडी पडली तर महागडा अंगरखा फुटत नाही, आणि हँडल उंच असल्यामुळे पाठ मोडत नाही. तोटा एकच. वारा अडवायला पुढे काही नसते, तो सरळ छातीवर येतो. हा तोटा पुढे माझ्या फार उपयोगी पडला.

आता सीसी म्हणजे काय ते सांगतो, कारण घरोघरी त्यावरून वाद होतात आणि फोड मात्र कोणी करीत नाही. सिलिंडरमध्ये पिस्टन खालीवर होताना जेवढी जागा झाडून काढतो, तेवढे घनसेंटिमीटर, म्हणजेच सीसी. धाकटीच्या सिलिंडरची रुंदी 72 मिलिमीटर, पिस्टनची धाव 49. हिशेब केला की 199.5 निघतात. एक मोठा पेलाभर पाणी समजा. थोरलीची रुंदी 89 आणि धाव 60. ते होतात 373. नावात चारशे, अंगात पावणेचारशे! नाव जरा फुगवून सांगण्याची रीत यंत्रांनाही लागलेली दिसते.

ताकदीचे आकडे भाच्याला तोंडपाठ होते. धाकटीची साडेचोवीस अश्वशक्ती, थोरलीची 40. धाकटीचे वजन सुमारे 159 किलो, थोरलीचे 174. म्हणजे वजन पंधराच किलोंनी वाढले आणि ताकद साडेपंधरा घोड्यांनी. स्वाराचे 65 किलो त्यात मिळवले, तर धाकटीच्या एका घोड्याच्या वाट्याला नऊ किलो ओझे येते, थोरलीच्या घोड्याला सहाच. किमतीतला फरक त्या वेळी पंचवीस-तीस हजारांचा. थोरली 1 लाख 85 हजारांना बाजारात आली होती, अर्थात नोंदणी आणि विमा सोडून. "एवढ्या थोड्या पैशांत एवढे घोडे कोण सोडेल, मामा?" भाच्याचा हा प्रश्न बिनतोड होता.

मी आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. पाने-स्क्रूड्रायव्हरांत ज्यांची हयात गेली, त्यांचे बोलणे मी प्रमाण मानतो. हेच 373 सीसीचे इंजिन 2016 च्या अखेरीस आलेल्या डॉमिनार गाडीत होते, त्यामुळे त्यांना ते परिचयाचे. त्यांच्या अनुभवाने धाकटी लिटरला पस्तीसच्या आसपास देते, थोरली अठ्ठावीसच्या. महिन्याला अडीच हजार किलोमीटर धरले, तर अठरा लिटरांचा फरक. टायर रुंद म्हणून महाग, साखळी लवकर झिजते, हा खर्च वेगळा. एवढे सांगून ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "गाडी पयत नही सर, मानूस पयस." पळते ती गाडी नव्हे, माणूस.

हे वाक्य मला झोंबले. त्याचे कारण आता सांगावे लागेल.

बजाजची पहिली पल्सर 2001 साली निघाली, तीही जोडीनेच: 150 आणि 180. चेतक स्कूटरवर वाढलेल्या आमच्या पिढीला त्या गाडीने वेड लावले. त्या जोडीतली मौज अशी, की पिस्टनची धाव दोघींची एकच होती, 56.4 मिलिमीटर. फक्त सिलिंडरची रुंदी एकीची 57, दुसरीची साडेत्रेसष्ट. साडेसहा मिलिमीटरचा फरक, सुपारीच्या खांडाएवढा! पण त्यावरून महाविद्यालयाच्या आवारात थोरले-धाकटे ठरत. माझ्या वडिलांनी 150 घेऊन दिली, माझ्या मित्राला 180 मिळाली.

2002 च्या हिवाळ्यात एका रात्री आम्ही दोघे धरणगावहून चोपड्याला परतत होतो. मित्र पुढे निघून गेला. त्याचा तांबडा दिवा लांब जाताना पाहून मला राहवेना. मी मूठ पिळली. माझी गाडी थरथरत होती, इंजिन किंचाळत होते, वारा छातीवर ढकलत होता. गाडी आपल्या परीने सारे काही सांगत होती. मी ऐकत नव्हतो. वळणाच्या पुढे उसाने भरलेली बैलगाडी होती. मागे दिवा नाही, काचेचा तुकडाही नाही. दिसली तेव्हा वेळ निघून गेली होती. गळपट्टीचे हाड आणि डावा पाय मोडला. रुग्णालयात पहिल्या रात्री माझ्या उशाशी बसली होती ती हीच बहीण. मी शुद्धीवर येईपर्यंत तिने पाणीसुद्धा घेतले नव्हते, असे आई पुढे सांगे.

म्हणजे ती आज 'लहान गाडी घ्या' म्हणते, ती त्या रात्रीची आठवण धरून. पण मी पडलो तो लहान गाडीवरूनच! हे तिला सांगावे तर ती कोणतीच गाडी घेऊ देणार नाही, आणि न सांगावे तर भाच्याशी खोटे वागल्यासारखे. दोन दिवस मी हा गुंता मनात घोळवीत होतो.

मग मी कागदावर एक हिशेब मांडला आणि दोघांना समोर बसवले. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर पुढे जाते. संकट दिसणे आणि ब्रेक लागणे यांत शहाण्या माणसाचाही एक सेकंद जातो. त्यापुढे कोरड्या डांबरावर थांबायला साधारण 23 मीटर लागतात. एकूण 40. हाच वेग 90 केला, तर पहिल्या सेकंदात 25 मीटर, थांबायला 52. एकूण 77. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. तिथे सीसीला कोणी विचारत नाही.

"मग फरक कशात?" भाच्याने विचारले.

"ते तूच शोधून काढ," मी म्हणालो.

जुलैत एका रविवारी आम्ही जळगावला गेलो आणि दोन्ही गाड्या चालवून पाहण्याची परवानगी घेतली. न्यायाने बोलायचे तर थोरली उत्तम गाडी होती. पुढच्या चाकाची ब्रेकची तबकडी 320 मिलिमीटरची, धाकटीची 300. पावसाळी रस्त्यासाठी इंजिनाची ताकद आवरून धरण्याची सोयही तिच्यात होती. चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा दोघींनाही होती, दोन्ही चाकांना. 125 सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना ही यंत्रणा आपल्याकडे एप्रिल 2019 पासून सक्तीची झाली. 2002 साली ती माझ्या गाडीला असती तर, असे मनात आल्याशिवाय राहिले नाही. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने लांबच्या प्रवासाला निघायचे असेल, मागे माणूस असेल, मालमोटारींची रांग ओलांडायची असेल, तर थोरलीच खरी. चारशेची गाडी म्हणजे उधळमाधळ, असे मी म्हणणार नाही.

भाचा आधी धाकटीवर गेला, मग थोरलीवर. परत आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. शिरस्त्राण काढून तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "मामा, थोरलीवर नव्वद कधी झाले ते मला कळलंच नाही. काट्याकडं पाहिलं तेव्हा समजलं."

"आणि धाकटीवर?"

"धाकटी ओरडून सांगते."

मला हवे होते ते त्याच्याच तोंडून निघाले. धाकटीची सगळी ताकद मिनिटाला 9750 फेऱ्यांवर जाऊन हाती लागते. तिथे पोचेपर्यंत ती आवाज करते, हातापायांना मुंग्या आणते, गिअर बदलायला लावते. थोरली तेच काम आरामात करते आणि गप्प राहते. मोठ्या इंजिनाचे सुख ते हेच, आणि धोकाही हाच. वारा तेवढा दोघींवरही सारखाच सांगत असतो, कारण दोघी उघड्या. पण ज्याला रोज अंधारात, केळीच्या मालमोटारी आणि उसाच्या गाड्या यांच्यामधून घरी यायचे आहे, त्याने निदान पहिली काही वर्षे बोलक्या गाडीवर काढावीत. मात्र गाडी बोलते तेवढ्याने भागत नाही, ऐकणाराही हवा. मग मी त्याला 2002 ची ती रात्र पहिल्यांदाच पुरती सांगितली. मी कोणत्या गाडीवर होतो, आणि का पडलो, तेही.

त्याने धाकटी घेतली. माझ्या सांगण्यावरून घेतली की स्वतःच्या मनाने, ते मी विचारले नाही. पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 वर आला आणि त्यावरच्यांवर 40 टक्के लागू झाला, तेव्हा मात्र तो मला सांगायला आला, की आपली निवड सरकारलाही पटली!

2024 च्या दसऱ्याला गाडी दारात आली. बहिणीने हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवले. तोंडाने मात्र ती काही बोलली नाही.

परवा रात्री मी तिच्याकडे बसलो होतो. साडेनऊ वाजून गेले होते. बोलता बोलता ती एकदम उठली आणि तिने तवा गॅसवर ठेवला. मी विचारले, "काय झाले?"

"आला तो. वळणावर गिअर कमी केला, ऐकलं नाहीस?"

मला काहीच ऐकू आले नव्हते. भाकरीचे पीठ मळून तिने परातीत थापायला घेतले, तेव्हा कुठे अंगणात दिव्याचा उजेड पडला.