मोटारीचें इंजिन कां तापतें?

वैशाखांतील दुपार, मोटारींत पांच माणसें आणि पाठीमागें सामान, अशा स्थितींत खोपोलीहून खंडाळ्याकडे सुमारें ५०० मीटरांची चढण चढूं लागलें म्हणजे एखाद्या गाडीचा तापमान दाखविणारा कांटा तांबड्या रेघेकडे झुकूं लागतो. थोड्याच वेळांत बॉनेटच्या फटींतून वाफ निघते, गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते, आणि बसलेल्यांपैकीं कोणी तरी उतावीळपणें रेडिएटरचें झांकण उघडूं पाहतो. प्रवासांत याहून धोक्याचा क्षण क्वचितच असेल; हात व तोंड भाजून निघण्यास त्यास एक पळहि लागत नाहीं. हें संकट टाळावयाचें तर इंजिन मुळांत थंड राहतें कसें, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. मग कोणत्या वेळीं काय करावें आणि इंजिनांत कोणता द्रव घालावा, हें सहज ध्यानांत येतें.

पेट्रोलच्या ज्वलनापासून निघणाऱ्या उष्णतेपैकीं ढोबळ मानानें एकतृतीयांश भागच गाडी चालविण्याच्या कामीं येतो. जवळजवळ तितकाच भाग धुराबरोबर बाहेर जातो, आणि उरलेला इंजिनाच्या धातूंत शिरतो. सिलिंडरमध्यें पेटलेल्या वायूचें तापमान क्षणभर २,००० अंश सेंटिग्रेडच्याहि वर चढतें. आणि आजच्या इंजिनांत ज्या अॅल्युमिनियमचा उपयोग सर्रास होतो, तें तर ६६० अंशांवरच वितळतें. धातूंत शिरणारी ही उष्णता सतत काढून नेली नाहीं, तर वंगण करपेल आणि दट्ट्या फुगून सिलिंडरमध्यें घट्ट अडकून बसेल.

मोटारीच्या जन्मापासून ही अडचण तिच्या पाठीस लागलेली आहे. कार्ल बेंझ याच्या १८८६ सालच्या तीनचाकी गाडींत पाणी उकळून वाफेच्या रूपानें उडून जाई, आणि वाटेंत तें पुनःपुन्हां भरावें लागे. पुढें १९०१ सालच्या मर्सिडीझ गाडीसाठीं विल्हेल्म मायबाख यानें मधाच्या पोळ्यासारखी रचना असलेला रेडिएटर बनविला. थोड्या पाण्याची गांठ पुष्कळ हवेशीं घालून देण्याची ही युक्ति आजतागायत टिकून आहे. फोर्डच्या 'मॉडेल टी' या प्रसिद्ध गाडीच्या बहुतेक प्रतींत पाण्याचा पंप नव्हता. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढावें आणि निवलेलें खालीं उतरावें, एवढ्यावरच तिचें काम भागे.

आजच्या मोटारींत एक लहानसा पंप हा द्रव सारखा फिरता ठेवतो. सिलिंडरांभोंवतींच्या पोकळ्यांतून जातांना द्रव उष्णता उचलतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून वाहतांना ती हवेला देतो, आणि निवून परत येतो. या वाटेवर थर्मोस्टॅट नांवाची एक झडप असते. तिच्यांतील मेण तापून प्रसरण पावलें कीं ती उघडते. बहुतेक गाड्यांत हें ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान घडतें. तोंवर रेडिएटरची वाट बंद राहते, कारण इंजिन फार थंड राहिलें तर इंधन अधिक जळतें आणि झीजहि वाढते.

रेडिएटरच्या किंवा टांकीच्या झांकणाचें कार्य स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरच्या शिटीसारखें आहे. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांवर उकळतें, आणि दर ३०० मीटर उंचीस हा अंक सुमारें एका अंशानें उतरतो. म्हणजे महाबळेश्वरास उघड्या भांड्यांतील पाणी ९५-९६ अंशांवरच उकळूं लागतें. झांकण आंतील दाब कोंडून ठेवतें. तो बाहेरच्यापेक्षां एक वातावरणाइतका अधिक झाला, तर पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. यावरून झांकण उघडण्यांतील धोकाहि स्पष्ट होतो. ११० अंशांवर शांत असलेल्या पाण्यावरील दाब एकाएकीं नाहींसा झाला कीं त्याचा कांहीं भाग तत्क्षणीं वाफ होतो, आणि ती वाफ उरलेलें कढत पाणी कारंज्यासारखें बाहेर उडविते.

म्हणून कांटा चढूं लागतांच प्रथम वातानुकूलन बंद करावें. गाडींत हीटर असल्यास तो पूर्ण उघडावा. उन्हाळ्यांत हा उपाय चमत्कारिक वाटेल. पण हीटर हाहि एक लहानसा रेडिएटरच असून तो इंजिनाची उष्णता ओढून घेतो. तरीहि कांटा उतरला नाहीं, किंवा वाफ दिसली, तर गाडी सुरक्षित जागीं उभी करून इंजिन बंद करावें. वाफ निघत असेतों बॉनेट उघडूं नये. ती थांबल्यावर उघडलें तरी पंख्याजवळ हात नेऊं नये, कारण विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतांहि आपोआप फिरूं लागतो. त्यानंतर निदान अर्धा तास वाट पाहावी. वरची रबरी नळी हातास कोमट लागेल आणि दाबली असतां मऊ वाटेल, तेव्हांच झांकणावर जाड फडकें धरून तें सावकाश सैल करावें. तापलेल्या इंजिनांत थंड पाणी एकदम ओतणें हें तर दुसरें संकट ओढवून घेणें होय; त्यानें धातूस तडा जाण्याची भीति असते.

पाणी भरून गाडी पुढें निघाली, तरी काम संपलें असें मानूं नये. ताप हें जसें रोगाचें लक्षण, तसेंच हेंहि आहे. मूळ शोधलें पाहिजे. इंजिन केव्हां तापतें, हें पाहिलें कीं निम्मा शोध लागतो. शहराच्या गर्दींत तापतें आणि मोकळ्या रस्त्यावर निवतें, तर दोष बहुधा पंख्यांत, त्याच्या फ्यूजमध्यें किंवा रिलेमध्यें असतो. कारण वेगांत असतां पंख्याचें काम वारा करतो. उलट वेगानें जातांना किंवा चढणीवर तापत असेल, तर रेडिएटर आंतून क्षारांनीं अथवा बाहेरून धूळ व किडे यांनीं भरला असावा, किंवा पंप नीट ओढत नसावा. वरची नळी कढत आणि खालची गार राहिली, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेंत अडकल्याचा संशय घ्यावा. अशा वेळीं कांहीं मिस्त्री थर्मोस्टॅट काढूनच टाकतात; तो उपाय नव्हे, नवा बसविणें हाच उपाय होय. गळतीचा ओघळ कोठेंच दिसत नाहीं आणि द्रव तर कमी होतो, धुराड्यांतून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, किंवा वंगणाचा रंग दुधाळ होतो, अशीं चिन्हें दिसल्यास हेडखालचें गॅस्केट फुटलें असण्याचा संभव असतो. मग गाडी चालवीत न नेतां ओढून नेणेंच शहाणपणाचें.

आतां द्रवाविषयीं. उष्णता वाहून नेण्यांत पाण्याची बरोबरी करणारे द्रव थोडेच. परंतु निव्वळ पाण्यानें लोखंड गंजतें आणि अॅल्युमिनियम खाल्लें जातें. विहिरीचें किंवा बोअरवेलचें क्षारयुक्त पाणी असेल, तर न्हाणीघरांतल्या बंबाच्या आंत जसा पांढरा थर चढतो, तसाच रेडिएटरच्या नळ्यांत चढून त्या अरुंद होतात. शिवाय पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्क्यांनीं फुगतें. महाराष्ट्रांत याची चिंता नको. पण हिवाळ्यांत मनालीस किंवा लडाखकडे गाडी नेणाऱ्यांनीं ती अवश्य करावी, कारण त्या फुगण्यानें इंजिनाचा लोखंडी ठोकळाहि फुटूं शकतो.

यासाठीं पाण्यांत एथिलीन ग्लायकॉल मिसळतात, आणि गंज रोखणारीं द्रव्येंहि घालतात. या मिश्रणालाच बाजारांत कूलंट म्हणतात. ग्लायकॉल आणि पाणी समभाग घेतलें, तर मिश्रण उणें ३७ अंशांच्या आसपास गोठूं लागतें, आणि साध्या दाबाखालीं सुमारें १०७ अंशांवर उकळतें. तर मग नुसतेंच ग्लायकॉल कां भरूं नये? कारण तें पाण्यापेक्षां बरीच कमी उष्णता वाहून नेतें, आणि गोठतेंहि उणें १३ अंशांच्या सुमारासच. म्हणून दाट प्रकारचें कूलंट डब्यावर सांगितलेल्या प्रमाणांत क्षारविरहित, म्हणजे ऊर्ध्वपातित पाण्यांत मिसळावें. तयार मिश्रण घेतलें असल्यास त्यांत पुन्हां पाणी घालूं नये.

निवड करतांना मोठी फसगत होते ती रंगानें. हिरवा, तांबडा, गुलाबी, निळा हे रंग उत्पादकांनीं आपापल्या सोयीनें दिलेले असतात. एका रंगाखालीं भिन्न रसायनें असूं शकतात. खरा भेद गंजरोधक द्रव्यांत असतो. जुन्या पद्धतींत सिलिकेट, फॉस्फेट यांसारखे खनिज क्षार असून त्यांचा गुण साधारण दोन वर्षें टिकतो. सेंद्रिय आम्लांवर आधारलेलें कूलंट सुमारें पांच वर्षें काम देतें. दोहोंचा मेळ घातलेला तिसरा प्रकारहि आहे. निरनिराळे प्रकार एकत्र केल्यास संरक्षण उणें पडतें, आणि कधीं कधीं गाळ धरून नळ्या तुंबतात. म्हणून गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत जो प्रकार सांगितला असेल तोच घ्यावा, आणि डब्यावर भारतीय मानक आय. एस. ५७५९ यासारख्या मान्य मानकाचा उल्लेख आहे कीं नाहीं, तें पाहावें. वाटेंत निरुपाय झाल्यास स्वच्छ पाणी भरण्यास हरकत नाहीं; मात्र घरीं पोहोंचल्यावर तें काढून योग्य मिश्रण भरावें. पातळी ठीक असली तरी मुदतींत द्रव बदलावा, कारण गंजरोधक द्रव्यें कालांतरानें खर्ची पडतात आणि हें डोळ्यांस दिसत नाहीं.

गृहस्थाश्रमी माणसानें आणखी एक गोष्ट विसरूं नये. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि परिणामीं घातक विष आहे. शरीरांत त्याचें ऑक्झॅलिक आम्ल बनून मूत्रपिंडें निकामी होतात. मुलाच्या किंवा कुत्र्यामांजराच्या तोंडीं तें थोडेंहि गेल्याचा संशय आला, तर लक्षणांची वाट न पाहतां तत्काळ रुग्णालय किंवा पशुवैद्य गांठावा. काढलेलें जुनें कूलंट गटारांत ओतूं नये, आणि डबा कुलपांत ठेवावा. सरबताच्या रिकाम्या बाटलींत तर तें कधींच भरूं नये.

आठवड्यांतून एकदां, सकाळीं गाडी सुरू करण्यापूर्वीं, टांकींतील द्रव खालच्या व वरच्या खुणांमध्यें आहे ना, हें पाहण्यास एक मिनिट पुरतें. तो वरचेवर कमी होत असेल, तर नुसती भर घालीत न बसतां तो कोठें जातो याचा तपास घाटाच्या पायथ्याशीं पोहोंचण्यापूर्वींच करून घ्यावा.