दुसरा कॅमेरा

"एक असताना दुसरा कॅमेरा कशाला?" सासूबाईंनी विचारलं होतं. मलाही ते पटलं. मग एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत माझा कॅमेरा बंद पडला. अंतरपाट दूर झाला, हार घातले गेले. तो क्षण काही पुन्हा येत नाही! नवरीच्या आईला काय सांगणार?

भिशीच्या पैशांतून दुसरी बॉडी घेतली. सेकंडहँड, पण त्याच माउंटची, म्हणजे लेन्स दोन्हींना बसतात. बॅटरीही तीच. नेहमीच्या २४-७० मिमी लेन्सने दगा दिला, तर ५० मिमी एफ १.८ हाताशी असते. स्वस्त, हलकी आणि कार्यालयातल्या मंद उजेडातही चालणारी. मैत्रिणींनो, या धंद्यात उतरायचं तर ही जोडी आधी घ्या, भारी लेन्स नंतर.

आता निघताना सासूबाईच विचारतात, "दुसरा घेतलास ना गं?"