गॉडझिला : होरपळलेला आणि होरपळवणारा

मार्च १९५४ मध्ये अमेरिकेने बिकिनी प्रवाळद्वीपावर केलेल्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीची किरणोत्सारी राख ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवर पडली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तोहो कंपनीचा, इशिरो होंडा दिग्दर्शित ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. अशाच चाचण्यांनी समुद्रतळावरून उठवलेला हा प्रागैतिहासिक प्राणी, म्हणजेच गॉडझिला, तोक्यो बेचिराख करतो. पण त्याची खडबडीत कातडी अणुहल्ल्यातून वाचलेल्यांच्या अंगावरच्या व्रणांची आठवण करून देते, म्हणजेच होरपळलेला आणि होरपळवणारा इथे एकच आहे. हे दुहेरीपण हाच त्याच्या स्वभावाचा गाभा होय आणि पुढच्या चित्रपटांचे मोल त्यांनी तो कितपत सांभाळला यावरूनच ठरवावे लागते.

‘शोवा’ कालखंडात, म्हणजे सम्राट हिरोहितोंच्या राजवटीवरून ओळखल्या जाणाऱ्या १९५४ ते १९७५ च्या चित्रपटांत, हा संहारक हळूहळू रक्षक झाला. या बदलाचा सांधा १९६४ च्या अखेरीस आलेल्या, तीन तोंडांच्या गिदोराच्या चित्रपटात सापडतो. गिदोराशी एकजुटीने लढू या, अशी गळ मोथ्रा ही महाकाय अळी गॉडझिला आणि रोदान हा दुसरा महाकाय प्राणी यांना घालते. त्यांचे बोलणे दोन इवल्या जुळ्या बहिणी माणसांना समजावून सांगतात आणि गॉडझिला साफ नकार देतो, कारण माणसांनी आजवर त्याला छळलेच आहे. मोथ्रा एकटीच लढायला निघते आणि मार खाऊ लागते तेव्हा कुठे तो मदतीला धावतो. त्याचा चांगुलपणा असा तक्रारीसकट आलेला असल्यामुळेच पटतो. पुढे १९६७ मध्ये त्याला मुलगा मिळाला, आत माणूस शिरून वावरत असे त्या रबरी पोशाखाचे डोळे मोठे आणि चेहरा सौम्य होत गेला आणि तो मुलांचा लाडका झाला. त्याला पोरकट ठरवून निकालात काढणे मात्र अन्यायाचे आहे : १९७१ मध्ये तो प्रदूषणावर पोसलेल्या हेदोराशी लढतो, तेव्हा माणसाने निर्माण केलेल्या संकटाचा जुना धागा अद्याप तुटलेला नसतो.

१९८४ च्या चित्रपटाने मधल्या सर्व कथा बाजूला सारून १९५४ शीच नाते जोडले. त्याच्यापासून सुरू झालेल्या नव्या मालिकेतील १९९१ चा चित्रपट विशेष मोलाचा आहे. त्यात गॉडझिला होण्यापूर्वीचा डायनासोर १९४४ मध्ये एका बेटावर अमेरिकी सैनिकांवर तुटून पडतो, त्यामुळे तिथली जपानी तुकडी वाचते; तिचा नायक शिंदो युद्धानंतर बडा उद्योगपती होतो. अनेक वर्षांनी तोक्योतील उंच इमारतीच्या खिडकीसमोर गॉडझिला येऊन थांबतो, दोघे एकमेकांना न्याहाळतात, शिंदोचे डोळे भरून येतात आणि नंतर गॉडझिला त्याला इमारतीसकट जाळून टाकतो. ओळख आणि संहार यांची अशी गाठ मालिकेत अन्यत्र क्वचितच पडते.

शुसुके कानेको यांच्या २००१ च्या चित्रपटात, युद्धात मेलेल्यांचे आत्मे अंगी वागवणारा गॉडझिला बुबुळांविना पांढऱ्या डोळ्यांनी वावरतो, तर भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमा दुर्घटनेच्या २०११ मधील अनुभवातून घडलेल्या हिदेआकी आन्नो यांच्या २०१६ च्या चित्रपटात त्याला जणू स्वभावच उरलेला नाही; तो केवळ रूपे बदलत पुढे सरकतो आणि शासनयंत्रणा बैठकांमागून बैठका घेत राहते. ताकाशी यामाझाकी यांच्या २०२३ च्या चित्रपटात युद्धातून जिवंत परतल्याची लाज बाळगणारा वैमानिक केंद्रस्थानी आल्याने होरपळीची सारी वेदना माणसांच्या वाट्याला जाते, आणि खुद्द गॉडझिलाकडे निव्वळ क्रौर्य उरते.