रात्रीची स्वस्त वीज : मोटार आणि विटा

जुन्या घरांतून शेक घेण्यासाठीं तापविलेली वीट फडक्यांत गुंडाळून ठेवण्याची चाल होती. विस्तव विझल्यावरही वीट पुष्कळ वेळ ऊब देत राहते, एवढाच त्यांतील सिद्धान्त. ब्रिटनमध्यें ज्या घरांत गॅसची नळी पोहोंचलेली नाहीं, त्यांपैकीं लक्षावधि घरें याच सिद्धान्ताच्या बळावर हिंवाळा काढतात. भिंतीलगत ठेवलेल्या पत्र्याच्या एका रुंद पेटींत लोहयुक्त जड विटा रचलेल्या असतात. त्यांच्यामधून विजेनें तापणाऱ्या तारा जातात आणि सभोंवार उष्णता सहसा बाहेर पडूं न देणारें जाड अस्तर असतें. रात्रीं वीज स्वस्त असतां विटा कांहीं शे अंशांपर्यंत तापवावयाच्या आणि दुसऱ्या दिवशीं त्यांनीं तें ऋण हळूहळू खोलीस फेडावयाचें, अशी ही योजना आहे. या पेटीस तिकडे 'नाइट स्टोरेज हीटर' म्हणतात. येथें तिला संचयी हीटर म्हटलें आहे.

रात्रींच वीज स्वस्त कां, हा प्रश्न साहजिक आहे. लोक निजले कीं मागणी उतरते. परंतु कोळशाचीं व अणुशक्तीचीं प्रचंड वीजकेंद्रें दिव्याप्रमाणें कळ दाबून मालवितां येत नाहींत. वीज तयार होत राहते आणि तिला गिऱ्हाईक नसतें. (ब्रिटनमधील अखेरचें कोळशाचें वीजकेंद्र ३० सप्टेंबर १९२४ नव्हे, तर थेट २०२४ रोजीं बंद झालें, आतां रात्रीं वाया जाण्याची भीति असते ती बहुधा वाऱ्याच्या विजेची.) ही वीज खपविण्यासाठीं १९६० नंतरच्या दशकांत संचयी हीटरांचा मोठा प्रसार झाला आणि ऑक्टोबर १९७८ मध्यें 'इकॉनॉमी सेव्हन' नांवाची दरयोजना निघाली. तिचें मर्म नांवांतील सात या आंकड्यांत आहे. रात्रीं सात तास वीज स्वस्त, उरलेले सतरा तास महाग. हीटरही त्याच मापानें बनूं लागले. ३.४ किलोवॅटचा मोठा हीटर सात तासांत जवळजवळ २४ युनिटें पोटांत घेतो, २.५५ किलोवॅटचा सुमारें १८, आणि १.७ किलोवॅटचा सुमारें १२. तात्पर्य, सात तास ही केवळ बिलावरील बाब नसून ती त्या पेटीच्या घडणींतच मुरलेली आहे. पुढील सर्व घोटाळ्याचें मूळ येथें सांपडतें.

स्वस्त तास सुरू झाल्याची वर्दी हीटरला कोण देणार? कांहीं घरांत मीटरशेजारीं घड्याळ बसविलेलें असे. इतर कित्येक घरांत मात्र ही वर्दी चक्क रेडिओवरून येई, आणि श्रोत्यांना याची मौज वाटल्यावांचून राहणार नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत सुरू झालेल्या या व्यवस्थेंत बी. बी. सी.च्या १९८ किलोहर्ट्झ या दीर्घलहरीवर, बातम्या व भाषणें चालू असतांनाच, मनुष्याच्या कानास न कळणारे संकेत मिसळून धाडीत. घरांतील स्विच ते ओळखून हीटरांचा प्रवाह जोडी किंवा तोडी. दिवाणखान्यांत कोणी आजीबाई नाटिका ऐकत आहेत आणि त्याच लहरीवरून त्यांच्या विटांना आज्ञा सुटत आहे, असा हा प्रकार! ३० जून २०२५ पासून ही सेवा टप्प्याटप्प्यानें बंद करण्यास आरंभ झाला. संकेत थांबला कीं जुना स्विच आहे त्या स्थितींत अडकून राहण्याची भीति असते; मग विटा दिवसभर महाग विजेवर तापत राहावयाच्या, नाहीं तर मुळींच तापावयाच्या नाहींत. म्हणून मीटर बदलणें भाग पडलें. आणि मीटर बदलावयाचाच तर नवी दरयोजना कोणती घ्यावी, हा प्रश्नही त्याबरोबरच उभा राहिला.

इकडे विजेच्या मोटारींसाठीं निराळ्या दरयोजना निघाल्याच होत्या. ऑक्टोपस या कंपनीनें २०१८ मध्यें 'गो' नांवाची योजना काढली, तिच्यांत रात्रीं साडेबारा ते साडेचार असे चार तास युनिटास ५ पेन्स इतका अल्प दर होता. पुढें तो अवधि पांच तासांचा झाला. अन्य योजनांत सहा, क्वचित् सातही तास आढळतात. दर मात्र वरचेवर बदलतात. मोटारीला चार तास पुरतात. घरीं बसविण्याचें ७.४ किलोवॅटचें यंत्र तेवढ्या वेळांत जवळजवळ ३० युनिटें भरतें आणि त्यावर साधारण मोटार शंभर मैलांच्या आसपास धांवते. रोजचें जाणेंयेणें त्याहून पुष्कळच कमी असतें. विटांचें तसें नाहीं. त्यांना कमी वेळ दिला तर त्या अर्ध्या उपाशी राहतात. मोटारीच्या अंगाला बेतलेला अंगरखा विटांना चढवूं गेल्यास बाह्या अपुऱ्या पडावयाच्याच.

किती अपुऱ्या, तें आंकड्यांनीं पाहावें. पुढील दर केवळ हिशेबापुरते धरले आहेत. जुन्या सात तासांच्या योजनेंत रात्रीचें युनिट १५ पेन्स; मोटारीच्या योजनेंत रात्रीचें ८ आणि दिवसाचें ३०. कडाक्याची थंडी आहे आणि ३.४ किलोवॅटच्या हीटरनें दिलेली सर्व, म्हणजे २३.८ युनिटें ऊब खोलीला हवी आहे. जुन्या योजनेंत तिला ३५७ पेन्स पडतात. मोटारीच्या योजनेंत स्वस्त तास चारच असतील, तर विटांत १३.६ युनिटें जातात, त्यांचे १०९ पेन्स, उरलेलीं १०.२ युनिटें दिवसा साध्या हीटरनें भरून काढावीं लागतात, त्यांचे ३०६. एकूण ४१५ पेन्स! दर जवळजवळ निम्मा, आणि खर्च मात्र अठ्ठावन्न पेन्सांनीं अधिक. पांच तास मिळाले तर एकूण ३४० पेन्स, म्हणजे जुन्याशीं जवळजवळ बरोबरी. सहा तासांना २६५, आणि पुरे सात मिळाले तर १९०. ८ पेन्सांचा दर सगळीकडे तोच. फरक पडला तो तासांनीं. यासाठीं किती पेन्स हें विचारण्यापूर्वीं किती तास हें विचारावें.

सौम्य दिवसांत चित्र पालटतें. खोलीस तेरा युनिटेंच पुरत असतील, तर तीं चार तासांतही विटांत मावतात आणि १९५ पेन्सांच्या जागीं १०४ पेन्सांत काम भागतें. आक्टोबर, मार्च, एप्रिल या महिन्यांत मोटारीची योजना निःसंशय लाभते. खरी कसोटी जानेवारींत लागते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील घराला जो हिशेब लागू पडेल तो स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांतील घराला पडणार नाहीं. शिवाय पेन्सांच्या हिशेबांत न दिसणारी एक गोष्ट आहे. जुन्या हीटरांतील उष्णता पहांटेपासूनच झिरपूं लागते. विटा अर्ध्याच तापल्या असल्या तर त्या दुपारीं निवतात, आणि घरांतील वृद्ध माणसें सायंकाळीं एका जागीं बसून असतात नेमक्या त्याच वेळीं खोली गार पडते. २०१८ पासून लागू झालेल्या नियमांनुसार बनलेल्या हीटरांत उष्णतेचें नियंत्रण अधिक चांगलें असतें. तरी न भरलेली उष्णता त्यांनाही देतां येत नाहीं.

योजना बदलण्यापूर्वीं तारांकडेही पाहिलें पाहिजे. इकॉनॉमी सेव्हनच्या पुष्कळ घरांत हीटरांचा तारमार्ग निराळा असून तो रात्रींच जिवंत होतो. मोटारीच्या योजनेंत स्वस्त व महाग वेळ केवळ हिशेबांत मांडलेली असते. कोणता तारमार्ग केव्हां चालू करावा, हें काम मीटर करीलच असें नाहीं. म्हणून जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून त्या मार्गावर वेळेचा स्विच बसवून घ्यावा लागतो. तो न बसवितां मार्ग चोवीस तास जिवंत केला, तर विटा भर दुपारीं तीस पेन्सांची वीज पिऊं लागतात.

दुसरी अडचण मुख्य फ्यूजची. वर सांगितलेल्या तिन्ही मापांचे हीटर एकेक, पाणी तापविण्याचें ३ किलोवॅटचें साधन आणि ७.४ किलोवॅटची मोटार एकाच वेळीं चालूं लागलीं, म्हणजे भार १८ किलोवॅटवर, अर्थात् सुमारें ७८ अँपिअरवर जातो. मुख्य फ्यूज कोठें ६० चा, कोठें ८० चा, कोठें १०० अँपिअरचा असतो. साठाच्या घरांत हा भार चालावयाचा नाहीं. सुदैवानें मोटार ही या पंक्तींतील सर्वांत सोशिक पाहुणी आहे. रोजच्या प्रवासापुरती वीज तिला तासा-दीड तासांत मिळते, आणि घरचा भार वाढला कीं मोटारीचा प्रवाह आपोआप कमी करणारीं यंत्रेंही असतात. विटांना अगोदर वाढावें, मोटारीस मागाहून.

कांहीं योजनांत स्वस्त दर केवळ मोटारींत भरलेल्या विजेसच लागतो, घरांतील इतर विजेस नाहीं. विटांच्या दृष्टीनें त्या निरुपयोगी होत. कांहींत कंपनी मोटार भरण्याची वेळ रोज स्वतः ठरविते. अशा ठिकाणीं हीटरचा स्विच निश्चित ठरलेल्या तासांपुरताच लावावा. आणि बहुतेक योजना मोटार असल्यावांचून मिळतच नाहींत. येथें एक विषमता नजरेंत भरते. संचयी हीटर बहुधा लहान फ्लॅटांत व भाड्याच्या घरांत असतात. तेथें दारांत मोटार उभी करून तारेनें जोडण्याची सोय क्वचितच असते. रात्रीची सर्वांत स्वस्त वीज ज्यांना थंडींत सर्वांत उपयोगी पडावयाची, त्यांतील पुष्कळांच्या वांट्यास ती येत नाहीं. मोटार कशांतही भरतां येते. खोली तेवढी घरींच तापवावी लागते.

शेवटची बाब घड्याळाची. ब्रिटनमध्यें आक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं घड्याळें एक तास मागें घेतात. वेळेचा स्विच साध्या घड्याळाचा असेल आणि तो उन्हाळी वेळेवरच राहून गेला, तर साडेबारांऐवजीं साडेअकरांनाच विटा तापूं लागतात : पहिला तास महाग विजेचा, आणि शेवटचा स्वस्त तास फुकट. त्या रविवारीं भिंतीवरील घड्याळाबरोबर मीटरशेजारच्या स्विचचा कांटाही मागें घ्यावयाचा असतो.