बंद दाराआडच्या सत्तेचा इतिहासकार

ब्रिटनने स्वतःचा अणुबॉम्ब बनवायचा, हा निर्णय 8 जानेवारी 1947 रोजी पंतप्रधान क्लेमेंट अ‍ॅटली धरून सहा मंत्र्यांच्या एका गुप्त समितीने घेतला. बाकीच्या मंत्रिमंडळाला त्याचा पत्ता नव्हता आणि संसदेला 1948 च्या मे महिन्यात, तोही एका त्रोटक उत्तरातून, ओझरता सुगावा लागला. याच सरकारने सहा आठवड्यांनी, 20 फेब्रुवारी 1947 रोजी, भारत सोडण्याची मुदत मात्र भर संसदेत जाहीर केली. ब्रिटनची राज्यघटना एका लिखित ग्रंथात बांधलेली नाही. कोणता विषय कोणापुढे न्यायचा, हे तिथे बरेचसे प्रथेवर आणि पंतप्रधानांच्या मर्जीवर ठरते. त्यामुळे तिथली सत्ता कशी चालते हे समजून घ्यायला कायदे वाचून भागत नाही, समित्यांची इतिवृत्ते उघडावी लागतात. पीटर हेनेसी यांनी हे काम जन्मभर केले. गोपनीयता हाच त्यांनी राजकीय इतिहासाचा मुख्य विषय केला, हे मला त्यांचे सर्वांत मोठे योगदान वाटते.

हेनेसी यांचा जन्म 1947 चाच. केंब्रिजमधून बाहेर पडल्यावर ते पत्रकारितेत आले आणि ‘द टाइम्स’साठी व्हाइटहॉलच्या, म्हणजे ब्रिटिश नोकरशाहीच्या, बातम्या देऊ लागले. मंत्रिमंडळाच्या उपसमित्या आहेत हे मान्य करायलाही तेव्हा सरकार तयार नसे. ‘कॅबिनेट’ (1986) आणि ‘व्हाइटहॉल’ (1989) या पुस्तकांत त्यांनी ही सारी यंत्रणा नावानिशी मांडली. सरकारने समित्यांची यादी आणि मंत्र्यांसाठीची नियमावली प्रसिद्ध केली ती 1992 मध्ये, जॉन मेजर यांच्या काळात. त्याच वर्षी हेनेसी लंडनच्या क्वीन मेरी महाविद्यालयात समकालीन इतिहासाचे प्राध्यापक झाले. 2010 मध्ये ते लॉर्ड्स सभेत गेले आणि कोणत्याही पक्षाच्या नसलेल्या बाकांवर बसले.

त्यांची पद्धत ‘द सीक्रेट स्टेट’ (2002) या शीतयुद्धावरील पुस्तकात नेमकी दिसते. नवा पंतप्रधान पदावर येताच अण्वस्त्रधारी पाणबुड्यांच्या कप्तानांसाठी स्वहस्ते पत्रे लिहितो: ब्रिटन बेचिराख झाले आणि आदेश देणारे कोणी उरले नाही तर काय करायचे. पत्र पाणबुडीतल्या तिजोरीत बंद राहते आणि पंतप्रधान पायउतार झाला की न वाचताच नष्ट केले जाते. एवढा भयंकर अधिकार एका माणसाच्या हस्ताक्षरावर टेकलेला आहे. हेनेसी त्यावर नुसते आश्चर्य व्यक्त करत नाहीत. बॉम्बहल्ल्याचे सरकारी अंदाज, भूमिगत मुख्यालयाचे आराखडे, आदेशांची साखळी असा एकेक कागद ते समोर ठेवतात.

त्यांच्यावरचा पहिला आक्षेप असा की, सत्तेच्या इतक्या जवळ बसलेला माणूस तटस्थ कसा राहील? व्हाइटहॉलवर त्यांचे प्रेम आहे, हे खरेच. पण निवृत्त सचिवांच्या आठवणी त्यांनी खुल्या झालेल्या कागदांशी ताडून पाहिल्या, आणि त्या ओळखींवाचून कोणता कागद मागायचा हेही कळले नसते. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. ब्रिटिश राज्यव्यवस्था ‘सज्जनांच्या’ आत्मसंयमावर चालते, असे त्यांनी वर्षानुवर्षे मांडले. 2019 मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी संसद स्थगित केली, सर्वोच्च न्यायालयाने ती कृती बेकायदा ठरवली आणि ही मांडणी भाबडी होती असे टीकाकार म्हणू लागले. मात्र यंत्रणा कशावर उभी आहे हे सांगणे म्हणजे ती तशीच ठेवा असे म्हणणे नव्हे. जॉन्सन यांच्यावर हेनेसी यांनी जाहीरपणे कडक टीका केली आणि 2022 मध्ये राज्यशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यू ब्लिक यांच्यासोबत या घटनाव्यवस्थेच्या दुरुस्तीवर पुस्तकही लिहिले. त्यांच्या पद्धतीपुढची खरी अडचण वेगळीच आहे. निर्णयाची नोंद होईल आणि ठरलेल्या मुदतीनंतर ती अभिलेखागारात येईल, हे तिचे गृहीतक आहे. हे गृहीतकच आता डळमळते आहे. इराक युद्धापूर्वीच्या गुप्तवार्तांची चौकशी करणाऱ्या 2004 च्या बटलर अहवालाने टोनी ब्लेअर सरकारच्या अनौपचारिक बैठकांवर बोट ठेवले होते. कोविड साथीच्या हाताळणीची चौकशी करणाऱ्या आयोगाने जॉन्सन यांचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश जसेच्या तसे मागितले, तेव्हा ते द्यायला लागू नयेत म्हणून 2023 मध्ये सरकार स्वतः न्यायालयात गेले आणि हरले.