बेस्टची वीज आणि बेस्टची गाडी

नागरिकांना वीज पुरविणे आणि उतारूंची ने-आण करणे हे दोन भिन्न व्यवहार एकाच दप्तरातून पाहणारी बेस्टसारखी सार्वजनिक संस्था आपल्या देशात दुर्मीळच; आणि म्हणूनच, विजेच्या बसगाड्या मुंबईत आल्या याचे अप्रूप ज्यांना वाटते त्यांना हे सांगणे भाग आहे की, घोड्यांनी १८७४ पासून ओढलेल्या ट्रामच्या जागी ७ मे १९०७ रोजी जी ट्राम धावू लागली, ती विजेचीच होती. १९२६ च्या जुलैत अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस निघाली, पुढे १९४७ साली सारा कारभार महापालिकेच्या ताब्यात आला, आणि रुळांच्या बंधनात न अडकणाऱ्या त्या इंधनभक्षक बसनेच अखेर ३१ मार्च १९६४ रोजी ट्रामला निरोप द्यावयास लावला. तारांवर चालणारी ट्रॉलीबस १९६२ मध्ये अवतरली खरी, पण १९७१ मध्ये तिचाही अंमल संपला. त्यानंतर बेस्टची वीज घराघरांतले दिवे उजळीत राहिली आणि बेस्टची गाडी डिझेल व पुढे सीएनजी जाळीत राहिली.

२०१७ च्या अखेरीस विजेच्या चार बसगाड्यांनी हा दुरावा मिटविण्यास आरंभ केला. आणि २०२३ च्या फेब्रुवारीत वातानुकूलित विजेची दुमजली बस रस्त्यावर आली, तर त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जुन्या डिझेलच्या दुमजली गाड्या सेवानिवृत्त झाल्या. मुंबईची वाहतूक विजेच्या गाडीच्या प्रकृतीस विलक्षण मानवते. जागच्या जागी उभ्या गाडीस विजेची मोटार पूर्ण जोर तत्क्षणी देते, आणि ब्रेक लागताच तीच मोटार जनित्र बनून गतीचा काही अंश बॅटरीत परत भरते, त्यामुळे ज्या थांबत-रखडत चालण्याने डिझेलचे इंजिन निष्फळ धूर ओकीत राही, तेच चालणे येथे तितकेसे नुकसानीचे ठरत नाही. धूर रस्त्यावरून नाहीसा झाला हे निर्विवाद. मात्र कोळशावर वीज निर्माण होते तोवर त्याचे समूळ उच्चाटन झाले असे म्हणणे धाडसाचे होईल.

माझ्या मते खरा पालट यंत्रात नसून मालकीत झाला आहे. ट्राम संस्थेची, रूळ संस्थेचे, वाहक-चालकही संस्थेचेच, ही जुनी रीत. नव्या गाड्या बव्हंशी भाडेतत्त्वावरच्या, वाहन आणि चालक मक्तेदाराचा, आणि संस्थेने दर किलोमीटरमागे मोबदला मोजावयाचा. बॅटरीसह गाडीची मोठी किंमत एकरकमी द्यावी लागत नाही, ही या व्यवस्थेची सोय नाकारता येणार नाही. पण मक्तेदाराने हात आखडता घेतल्यास रांगेत ताटकळणारा उतारू जाब विचारतो तो बेस्टलाच, आणि बॅटरीच्या दुरुस्तीची विद्या मक्तेदाराच्याच कामगारांपाशी राहिली, तर मुदत सरल्यावर आगारात उरेल ते केवळ चार्जिंगचे यंत्र.